चिनी उतारा कुठे अडतो: डिस्लेक्सिया असलेली आणि नसलेली मुलं

चीनमध्ये प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलांना सुमारे ३००० अक्षरं ओळखता यावी लागतात. डिस्लेक्सिया (अक्षरं आणि शब्द वाचण्यात सतत येणारी अडचण) नसलेलं मूल ती सगळी सुटी सुटी पाठ करत नाही. ‘छिंग’ असा उच्चार सुचवणारा भाग दिसला आणि शेजारी पाण्याची खूण असली की ‘स्वच्छ’, सूर्याची असली की ‘निरभ्र’, हे त्याच्या अंगवळणी पडतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाकडून ही खूण अनेकदा निसटते. मग नदीचं पाणीही निरभ्र होतं!

दुसरी अडचण जास्त चिवट. चिनीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. ‘यान-च्यू-शंग-मिंग’ या चार अक्षरांचा अर्थ ‘जीवनाचा अभ्यास करणे’. पण पहिली तीन एकत्र घेतली तर ‘पदव्युत्तर विद्यार्थी’, आणि चौथं लोंबकळत राहतं. सरावलेलं मूल पुढचं अक्षर पाहून तोड लगेच बदलतं. डिस्लेक्सिया असलेलं मूल एकेक अक्षर सावकाश उलगडतं, तोवर वाक्याची सुरुवातच विसरायला होते.

म्हणून उतारा वाचून मुलाची प्रश्नांची उत्तरं चुकली, की त्याला त्याच पातळीचा दुसरा उतारा वाचून दाखवावा. ऐकून उत्तरं बरोबर आली, तर अडचण मुख्यतः अक्षरओळखीची. ऐकूनही चुकली, तर वाक्यरचना, शब्दसंग्रह आणि स्मरण तपासावं. तिथे नुसती अक्षरं गिरवून घेण्यात वेळ वाया जातो. काही मुलांत दोन्ही अडचणी एकत्र असतात.