ठाण्याचे तलाव : नवा गुडघा घेऊन चालणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, वॉकर सुटून हातात काठी आली आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता रोज चालायचं. पहिले काही दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या पण गाड्यांच्या मधून किती फिरणार, कंटाळले बिचारे. मग मीच म्हटलं बाबा, आपल्या ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ना, चला एकेक तलाव करूया. दोन महिने आम्ही तेच केलं. इथे मी लिहितेय ते फक्त एका गोष्टीकडे बघून, ज्याचा पाय दुखतो त्याला त्या तलावावर नीट चालता येतं का आणि दमला की बसता येतं का. फोटो छान येतात का ते सांगणारे बाकी खूप आहेत.

सुरुवात अर्थात तलावपाळीपासून. नाव मासुंदा पण ठाण्यात कोणी मासुंदा म्हणत नाही, तलावपाळीच. स्टेशनपासून पश्चिमेला जांभळी नाक्यावरून धडधाकट माणूस दहा पंधरा मिनिटात चालत पोचतो, पण ऑपरेशनवाल्याला त्या बाजारातून चालवू नका, भाजीवाले, हातगाड्या, धक्के, तिथे काठी टेकवायलाही जागा मिळत नाही. रिक्षाने थेट गडकरी रंगायतनपाशी उतरा. पाण्याच्या बाजूने फूटपाथ आहे, टेकायला कट्टा मिळतो, आणि संध्याकाळी सातनंतर, त्यातून रविवार असेल तर, इतकी गर्दी की बाबांचा हात सोडायची मला भीती वाटायची. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला जायला लागलो आणि तीच तलावपाळी एकदम वेगळी वाटायला लागली. पाणी शांत, कोपिनेश्वराच्या घंटेचा आवाज, फुलवाले नुकते हार लावत असतात, पेपर वाचणारे दोन चार आजोबा ठरलेल्या जागी. बाबांना तिसऱ्या दिवशी त्यांच्यात जागा मिळाली.

कोपिनेश्वराचं दर्शन नक्की घ्या, एवढं मोठं शिवलिंग सहसा बघायला मिळत नाही. पिंड तलावातच सापडली असं जुने लोक सांगतात. देऊळ बरंच जुनं, आत्ताचं बांधकाम पेशवाईत 1760 च्या सुमारास झालेलं. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथूनच निघते. दिवाळी पहाटेला मात्र म्हाताऱ्या माणसांना इकडे आणूच नका, राम मारुती रोडपासून तलावपाळीपर्यंत सगळं तरुण पोरापोरींनी भरलेलं असतं, बघायला मस्त वाटतं पण गुडघ्याला झेपणारं नाही.

बोटिंगबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. पायडलवाल्या बोटी असतात, लाइफ जॅकेट घालायला देतात. बोटीत बसायचं म्हणजे काठावरून खाली पाय टाकावा लागतो आणि बोट हलते, तिथेच अडचण. बाबांना मी नकोच म्हणत होते, पण बोटीवरच्या मुलाने काही न सांगता बोट आधी दोराने घट्ट ओढून धरली, स्वतः बोटीत उभा राहिला, म्हणाला काका उजवा पाय आधी टाका, माझ्या खांद्यावर भार द्या. बरोबर तेच, खाली उतरताना ऑपरेशनचा पाय आधी! फिजिओने आम्हाला चार वेळा सांगितलेलं ते त्या पोराला न सांगता माहीत होतं. पायडल अर्थात मी मारलं. मधोमध गेल्यावर बाबा गप्प बसून बघत राहिले आणि मग त्यांची नेहमीची गोष्ट सुरू झाली, बाबा रेल्वेतून रिटायर झालेत त्यामुळे ठाण्यात कुठेही थोडा वेळ बसलो की ती येतेच, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. मी लहानपणापासून ऐकतेय पण ऑपरेशननंतर त्यांनी पहिल्यांदाच सांगितली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम विचारलं, मग परत जाताना कोणतं इंजिन होतं हो बाबा. बोटिंगला माझे पाचपैकी पाच, ते त्या मुलासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन चालायला लागलेल्यांसाठी माझ्या मते ठाण्यातला एक नंबर तलाव म्हणजे पाचपाखाडीतला कचराळी, महापालिकेच्या मुख्यालयासमोरचा. तलावाभोवती वॉकिंग ट्रॅक, वर झाडांची सावली, गाड्या रस्त्यावर आणि तुम्ही आत. फेरी मोठी नाही हेच त्याचं चांगलं, बाबा पहिल्या दिवशी अर्धी फेरी करून बसले, आठवड्याने एक, महिन्याने तीन. फेऱ्या मोजता येतात ना, त्याने माणसाला जोर येतो, आज किती झाल्या ते घरी येऊन आईला सांगायचं असतं. एकच सांगते, सकाळी भराभर चालणाऱ्यांची गर्दी असते आणि काही जण मागून येऊन अगदी चिकटून पुढे जातात, काठीवाला माणूस दचकतो. थोडं बाजूने जा ना, ट्रॅक सगळ्यांचा आहे.

उपवन हे लांबचं काम, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, स्टेशनपासून रिक्षा किंवा बसच. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला जाऊन बसा, सूर्य येऊरच्या मागे जातो आणि पाण्यावर डोंगराची सावली सरकत येते, हवा पण दोन डिग्रीने थंड वाटते. चालायला पहिल्या महिन्यात नेऊ नका, फेरी मोठी आहे, अर्ध्यात पाय दुखला तर परतायलाही तेवढंच चालावं लागतं. आम्ही सातव्या आठवड्यात गेलो, थोडं चाललो, जास्त बसलो.

सिद्धेश्वर आणि रायलादेवीला एकेकदाच गेलो, त्यावर नीट मत द्यावं एवढं पाहिलं नाही. आणखी एका तलावावर, नाव लिहीत नाही, टॉयलेटला कुलूप आणि चावी कोणाकडे ते कोणाला माहीत नाही, सत्तरीच्या माणसाला घेऊन आपण तिथून अर्ध्या तासात निघतोच. एवढं जरी नीट झालं ना तरी कितीतरी म्हातारी माणसं घराबाहेर पडतील, हे मी मनापासून सांगतेय.

पाण्याबद्दल पण बोलायलाच हवं. ठाण्यात पूर्वी साठ तलाव होते असं म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास राहिलेत. बाकीचे बुजले, त्यावर घरं झाली. उथळसरचा जोगिला तलाव असाच गेला होता, तो वस्ती हलवून परत खोदून काढला, म्हणजे मनात आणलं तर होतं. गणपतीत कृत्रिम तलावात विसर्जन करायला ठाणं खूप आधीपासून शिकलं, त्याचा मला अभिमान आहे, कारण पीओपीची मूर्ती विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी राहते. पण रोजच्या निर्माल्याचं काय? एका संध्याकाळी आमच्या समोर एका बाईंनी निर्माल्याची पिशवी, प्लॅस्टिकसकट, रेलिंगवरून पाण्यात सोडली, आणि निर्माल्य कलश पंधरा पावलांवर होता. फुलं पाण्यात कुजली की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे मरून वर येतात, मग आपणच नाक दाबून वास येतो म्हणायचं. बाबा उठून गेले त्यांच्याकडे, काठी टेकत, आणि फक्त म्हणाले, ताई पुढच्या वेळी मला द्या, मी टाकतो कलशात, मला चालायला सांगितलंय. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवसांनी सकाळी आम्ही कट्ट्यावर बसलेलो तेव्हा त्याच आल्या, हातात पिशवी, आणि सरळ कलशाकडे गेल्या. परतताना बाबांकडे बघून म्हणाल्या, काका, गुडघा कसा आहे?