गोष्टीतून स्पॅनिश शिकवणारा ऑनलाइन क्लास: लावावा का?

शब्दांच्या याद्या घोकून वैतागला असाल तर हा क्लास जरूर लावा, पण थेट तासांचाच. रेकॉर्ड केलेल्या धड्यांचं पॅकेज वेगळं मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

गोष्टी आणि वाचनातून भाषा शिकवण्याच्या या पद्धतीला टीपीआरएस म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या ब्लेन रे या स्पॅनिश शिक्षकाने ती घडवली. तासाला नवे शब्दप्रयोग अगदी मोजके. एकदा होते 'किएरे' म्हणजे हवं आहे, 'बुस्का' म्हणजे शोधतो आणि 'एस्ता त्रिस्ते' म्हणजे उदास आहे. बाईंनी सुरुवात केली: हत्तीला बूट हवेत. मग प्रश्नांची सरबत्ती. बूट हवेत की टोपी? हत्तीला हवेत की उंदराला? किती हवेत? कुणीतरी 'पाच' म्हणालं. पाचवा कशाला? तर सोंडेला! झालं, पुढची सगळी गोष्ट सोंडेच्या मापाचा बूट शोधण्यात गेली. हसता हसता 'किएरे' आणि 'बुस्का' इतक्यांदा तोंडातून गेले की वहीत लिहायचंही राहिलं, आणि तरी ते पक्के बसले.

यामागे आधार आहे. बॉवर आणि क्लार्क या संशोधकांच्या १९६९च्या स्मरणशक्तीवरच्या प्रयोगात दहा-दहा शब्दांच्या १२ याद्या दिल्या होत्या. शब्द गोष्टीत गुंफणाऱ्यांना शेवटी सरासरी ९३ टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना जेमतेम १३ टक्के. मात्र ते शब्द ओळखीच्या भाषेतले होते, आणि गोष्ट ज्याची त्याने रचली होती. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. रेकॉर्डिंगमधला आवाज प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळा होतो. तिथे हत्तीला चारच बूट मिळणार! ऐकायला छान वाटतं, पण दुसऱ्या दिवशी डोक्यात हत्ती राहतो, क्रियापद उडून जातं.

थेट तासांतही सगळं आलबेल नाही. वस्तू आणि कृतींचे शब्द चटकन बसतात. 'तरीसुद्धा', 'जोपर्यंत' असले वाक्यं जोडणारे शब्द मात्र गोष्टीच्या ओघात कानावरून निघून जातात. त्यांची वाक्यं मी वेगळी लिहून काढते. बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, येतील हळूहळू. बघू.

पैसे भरण्याआधी एक तास बसून बघायला मागा, आणि बॅचमध्ये किती जण आहेत तेही विचारा. आमच्यात दोघे इतके बोलघेवडे आहेत की बाकीच्यांच्या वाट्याला फक्त 'सी' आणि 'नो', म्हणजे हो आणि नाही, एवढंच उरतं.