एबी फॉर्म नसलेल्या देशातले खासदार : सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या रविवारच्या बॅचचा अनुभव

चार रविवार, सकाळी ८ ते १०, फी १२०० रुपये. विषय असा की घरी सांगितल्यावर आईने दोनदा विचारलं, नक्की काय शिकायला चाललीस म्हणून. २०११ साली अमेरिकेच्या संसदेत नव्याने निवडून आलेल्या उजव्या खासदारांनी सरकारी खर्चावरून स्वतःच्याच पक्षाला कसं अडवून धरलं, एवढं एकच प्रकरण, चार रविवार. यूपीएससीच्या जीएस दोनमध्ये (सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात) आपल्या राज्यघटनेची इतर देशांशी तुलना हा मुद्दा आहे म्हणून मी नाव घातलं, नाहीतर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या बाईला अमेरिकेच्या बजेटचं काय करायचंय. पण आता बॅच संपली आणि सांगते, आजवर लावलेल्या सगळ्या क्लासेसपेक्षा इथे जास्त शिकले.

आधी जागेचं सांगून टाकते. वरच्या मजल्यावर हॉल, जिना अरुंद, गाडी लावायला खाली जागा नाही म्हणून लांब लावून चालत यावं लागतं. आम्ही २१ जण होतो, खुर्च्या बऱ्या होत्या, प्यायचं पाणी होतं, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम होतं (हे मी आधी बघते, बाकी सगळं नंतर). दुसऱ्या रविवारी लाईट गेली आणि सर तसेच खिडकीजवळ उभं राहून शिकवत राहिले, अर्धा तास कुणी हललं नाही.

आता शिकवण्याचं. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एकच आकडा लिहिला, ८७. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे ८७ खासदार पहिल्यांदा निवडून आले, ४३५ च्या खालच्या सभागृहात पक्षाच्या जागा २४२ झाल्या म्हणजे बहुमत आलं, जॉन बेनर सभापती झाले. नवीन आलेल्यांपैकी बरेच जण टी पार्टीच्या लाटेवरचे. ही टी पार्टी म्हणजे पक्ष नाही, २००९ मध्ये सुरू झालेली चळवळ, नाव घेतलंय १७७३ च्या बॉस्टनच्या चहाच्या बंडावरून, आणि राग कशाचा तर २००८ मध्ये बँकांना वाचवायला मंजूर केलेले ७०,००० कोटी डॉलर आणि नंतर ओबामांचं मंदीतलं मोठं पॅकेज. मग सरांनी विचारलं की ह्यांना तिकीट कुणी दिलं? आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, पक्षाने. सर म्हणाले नाही, तिथे एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने द्यायचं पत्र, नसतो.

माझ्यासाठी सगळा कोर्स ह्या एका वाक्यावर उघडला. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीत शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्मसाठी लोक पक्षाच्या ऑफिसबाहेर ताटकळत बसतात हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, आणि ज्याच्या हातात फॉर्म त्याच्या हातात माणूस. तिकडे पक्षाची उमेदवारीच बहुतेक ठिकाणी मतदारांच्या प्राथमिक निवडणुकीतून ठरते, म्हणजे सभापती नाराज झाला तरी चालतं पण गावाकडचा कट्टर कार्यकर्ता नाराज झाला की गेलं. उदाहरण दिलं युटाच्या बॉब बेनेट यांचं, तीन टर्म सिनेटर (सिनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह) राहिलेला माणूस, बँकांच्या मदतीला हो म्हटलं होतं, २०१० मध्ये स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनातच त्यांची उमेदवारी गेली. हे डोळ्यासमोर असताना नवा खासदार तडजोड कशाला करेल? त्यात मतदारसंघातल्या खास कामांसाठी बिलात पैसे घुसवायची जी पद्धत होती ती पक्षाने नुकतीच बंद केलेली, म्हणजे बेनरकडे वाटायला गूळसुद्धा नाही आणि उगारायला छडीही फारशी नाही.

दुसऱ्या रविवारी आकडे. पक्षाने जाहीरनाम्यात सांगितलं होतं की पहिल्याच वर्षी १०,००० कोटी डॉलर खर्च कमी करू. फेब्रुवारीत नेत्यांनी आणला ३,२०० कोटींच्या कपातीचा प्रस्ताव, कारण आर्थिक वर्ष तिकडे १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि बरेच महिने होऊन गेलेले. नवे खासदार बिथरले, आम्ही लोकांना १०,००० सांगून आलोय. मग नेत्यांना मागे यावं लागलं आणि १९ फेब्रुवारीला २३५ विरुद्ध १८९ मतांनी ६,१०० कोटींच्या कपातीचं बिल पास झालं, आणि गंमत म्हणजे ह्याच कपातीला ते १०,००० कोटीसुद्धा म्हणत होते! कसं? तर ओबामांनी मागितलेल्या रकमेवरून मोजलं तर १०,०००, आणि प्रत्यक्षात जो खर्च चालू होता त्याच्यावरून मोजलं तर ६,१००. ओबामांची ती मागणी मंजूरच झाली नव्हती. मी रोज कारखान्यात हेच बघते, एमआरपीवर चाळीस टक्के सूट लिहिलेली असते आणि त्या एमआरपीला टॉवेल कधी विकलेलाच नसतो. सरांना हे बोलून दाखवलं तर त्यांनी तो टॉवेल फळ्यावर काढला आणि पुढचे दोन्ही रविवार कुठलाही कपातीचा आकडा आला की हॉलमधून आवाज, सर कशावरून मोजलं? बजेट वाचायची ही सवय मला कुठल्याही गाईडने लावली नव्हती.

तिसरा रविवार सगळ्यात भारी. प्रत्येकाला चिठ्ठी, त्यावर तुम्ही कोण ते. मला आलं नवी खासदार, मतदारांना वचन १०,००० कोटी. एक मुलगा सभापती. आणि समोर ८ एप्रिल २०११ ची रात्र, खर्चाची मंजुरी संपून सरकार बंद पडायला जेमतेम तासभर उरलेला असताना झालेला तोडगा, कपात ३,८५० कोटी, कारण सिनेट आणि व्हाइट हाऊस दोन्ही डेमोक्रॅट्सकडे, म्हणजे ओबामांच्या पक्षाकडे. तो मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणतो, ताई, द्या की ओ एवढं एक मत, पुढच्या वेळी जास्त कापू. मी विचारलं, अरे दादा, ह्या ३,८५० पैकी ह्या वर्षी खरंच किती वाचतात ते सांग, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर सरांनी दिलं, अमेरिकेच्या संसदेच्याच बजेट ऑफिसने काढलेला हिशेब, त्या वर्षात प्रत्यक्ष कमी होणारा खर्च साधारण ३५ कोटी २० लाख डॉलर, बाकीचं बरंचसं असं की जे पैसे तसेही त्या वर्षी खर्च होणार नव्हते. मी विरोधात मत दिलं आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. मी त्यांच्या विचारांची नाही, गरिबांच्या योजना कापायला माझा विरोधच असता, पण निवडून येताना एक आकडा सांगायचा आणि आल्यावर कागदावरची कपात दाखवून टाळ्या घ्यायच्या हे मतदाराला फसवणंच आहे. प्रत्यक्षात १४ एप्रिलला २६० विरुद्ध १६७ असं मतदान झालं, रिपब्लिकन ५९ जण विरोधात गेले आणि डेमोक्रॅट्सची ८१ मतं आली म्हणून बिल तरलं. आणि सरांनी हेही स्वच्छ सांगितलं की त्या ५९ मध्ये मिशेल बॅकमनसारखे जुनेही होते, आणि ८७ पैकी अनेक नव्यांनी हो म्हटलं होतं, म्हणजे सगळे नवे बंडखोर ही पेपरवाल्यांची सोपी गोष्ट खरी नव्हे. मला ही प्रामाणिक शिकवणी फार आवडली.

पण मग कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकारने जास्तीत जास्त किती कर्ज काढायचं ह्या कायद्यातल्या मर्यादेचा, विषय आला आणि तिथे मी मत बदललं. कर्ज १४.३ लाख कोटी डॉलरच्या मर्यादेला मे महिन्यात टेकलं, २ ऑगस्ट ही शेवटची तारीख, आणि ह्या रिपब्लिकन खासदारांतले कित्येक जण म्हणतात मर्यादा वाढवणारच नाही. जुलैच्या शेवटी बेनर यांना स्वतःचंच बिल मताला टाकता आलं नाही, एक दिवस पुढे ढकललं, समतोल बजेटच्या घटनादुरुस्तीची अट घातली तेव्हा कुठे २१८ विरुद्ध २१० ने निघालं, तेसुद्धा सिनेटमध्ये टिकलं नाही. शेवटी १ ऑगस्टला मर्यादा वाढवणारं आणि पुढे खर्चात कपात लावणारं तडजोडीचं बिल पास झालं, २६९ विरुद्ध १६१. पक्षाचे ६६ विरोधात. जानेवारीत डोक्यात गोळी लागलेल्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स त्या दिवशी मत द्यायला सभागृहात आल्या हे सांगताना हॉल एकदम शांत झाला होता. तरी ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स ह्या पत ठरवणाऱ्या संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा उतरवलं.

मला विचाराल तर खर्चाला नाही म्हणणं वेगळं आणि झालेल्या खर्चाचं बिल भरायला नाही म्हणणं वेगळं. सूत उधारीवर आणलं, टॉवेल विणून विकूनही झाले, आता सूतवाला दारात आल्यावर आम्ही काटकसर करतोय म्हणून त्याला परत पाठवायचं, ह्याला कुणी काटकसर म्हणत नाही, बाजारातली पत जाते. चौथ्या रविवारी हे मी उभं राहून बोलले, सभापती झालेला मुलगा माझ्याशी वाद घालत होता की धमकीशिवाय खर्च कमी होतच नाही, बघा त्या कायद्याने पुढे कपात लागू झालीच ना. त्याचंही चुकीचं नव्हतं, २०१३ च्या मार्चमध्ये सरसकट कपात लागली. आम्ही खाली रस्त्यावर येऊन गाडीजवळ उभं राहूनही भांडत होतो.

आता तक्रारी. एक, हँडआउट सगळे इंग्रजीत. मराठीत शिकवता, मराठीत परीक्षा देणारी निम्मी बॅच आहे, मग ॲप्रोप्रिएशनला विनियोजन म्हणतात हे आम्ही घरी जाऊन का शोधायचं? दोन, भारताशी तुलना शेवटच्या वीस मिनिटांत उरकली. खरं तर पेपरला तेच येणार. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, दहावी अनुसूची, व्हिप (मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश) मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व धोक्यात, म्हणजे त्या ५९ जणांनी जे केलं ते आपल्या खासदाराला खासदारकी पणाला लावल्याशिवाय करता येत नाही. तिकडे शिक्षा काय, तर डिसेंबर २०१२ मध्ये टिम ह्यूल्सकँप आणि जस्टिन अमाश ह्यांना बजेट समितीतून काढलं, खासदारकी शाबूत. ह्यावर अख्खा रविवार हवा होता, त्यात २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात पक्ष फुटलेले आपण सगळ्यांनी बघितलेले, पोरांना किती बोलायचं होतं, पण सरांनी घड्याळ बघितलं. आपल्या संसदेतला कपात प्रस्ताव (सरकारने मागितलेली रक्कम कमी करा असा खासदाराने मांडायचा प्रस्ताव) तर नुसता नावाला आला. तीन, तिसऱ्या रविवारचं रेकॉर्डिंग देतो म्हणाले होते ते अजून आलेलं नाही.

नुसते नोट्स आणि एमसीक्यू हवे असतील त्यांनी इथे येऊ नका, वेळ जाईल. ज्यांना मुलाखतीपर्यंत जायचंय किंवा नुसतं समजून घ्यायचंय त्यांनी जरूर या, कॉलेजची मुलं तर यावीतच, आणि मागे बसू नका, चिठ्ठ्या पुढून वाटतात. पाचपैकी चार. पुढच्या महिन्यात महापालिकेचं बजेट कसं वाचायचं ह्यावर बॅच आहे, पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात तिला गर्दी होणार. मी निम्मी फी भरून जागा धरलीय, उरलेली निम्मी मराठी हँडआउट हातात पडल्यावर देते असं ऑफिसात सांगून आलेय, आणि ते हो म्हणालेत.