टिनियनची अर्ध्या दिवसाची गाडीफेरी : खड्डे दिसतात, छावणी दिसत नाही

पश्चिम प्रशांत महासागरातील अमेरिकेच्या ताब्यातील मारियाना बेटांपैकी सायपानहून शेजारच्या टिनियन बेटावर नेऊन आणणारी मार्गदर्शित गाडीफेरी सोयीची आहे, वक्तशीर आहे आणि वयस्कर प्रवाशांनाही झेपेल अशी आहे. मात्र दुसऱ्या महायुद्धात जपानकडून नुकत्याच जिंकलेल्या बेटावर हजारो अमेरिकी सैनिक रोजचे आयुष्य कसे काढत होते, हे पाहण्याच्या इच्छेने जो जाईल, त्याची ती बऱ्याच अंशी निराशा करते.

प्रवासाची बाजू निर्दोष आहे. दोन्ही बेटांमधील सामुद्रधुनी जेमतेम पाच किलोमीटरची असल्याने लहान विमान पाऊण तासाच्या प्रतीक्षेनंतर पंधरा मिनिटांच्या आत उतरते. ज्या विमानतळावर ते उतरते, तो मूळचा युद्धकाळातील ‘वेस्ट फील्ड’ आहे, ही गोष्ट आमच्या मार्गदर्शकाने सांगितली नाही. गाडी वातानुकूलित होती आणि पाणी पुरेसे दिले. भारतीय पारपत्रावर येणाऱ्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे येथे नोंदवून ठेवतो.

फेरीचा बहुतेक वेळ उत्तर टोकावरील ‘नॉर्थ फील्ड’वर, त्यातही अणुबॉम्ब विमानात चढवण्यासाठी खणलेल्या दोन खड्ड्यांपाशी जातो. बॉम्ब इतके मोठे होते की ते उभ्या विमानाच्या पोटाखाली सरकवता येत नसत. म्हणून बॉम्ब आधी खड्ड्यात उतरवून, विमान त्यावर आणून, मग जॅकने वर उचलला जाई. बुजवलेले हे खड्डे २००४ मध्ये पुन्हा उकरून त्यांवर काचेचे छत बसवले आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाकडे निघालेले विमान येथूनच उडाले, त्यामुळे प्रवासी येथे रेंगाळणार हे उघड आहे. परंतु ज्या धावपट्टीवर आपण उभे असतो ती कोणी, कशातून आणि किती घाईने बांधली, याबद्दल मार्गदर्शक दोन वाक्यांपलीकडे गेला नाही.

खरे तर सगळे नवल तिथेच आहे. अमेरिकी मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, २४ जुलै १९४४ रोजी येथे उतरले आणि १ ऑगस्टला बेट ताब्यात आल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी हे बेट उसाचे होते. जपानी कंपनीची शेती, साखर कारखाने आणि ऊस वाहणारी अरुंद रुळांची गाडी असा तो कारभार कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला अजिबात परका वाटणार नाही. लढाई संपताच नौदलाच्या बांधकाम पलटणी, म्हणजे ‘सीबीज’, कामाला लागल्या. त्यांनी प्रवाळाचा खडक फोडून, दाबून, वर डांबर टाकून सुमारे २,६०० मीटर लांबीच्या चार समांतर धावपट्ट्या एकट्या नॉर्थ फील्डवर तयार केल्या. डांबर जिथे उखडले आहे तिथे वाकून पाहिल्यास पांढरट खडीत शंखशिंपल्यांचे तुकडे आजही दिसतात. दोन्ही बाजूंना माजलेली झाडी आपल्या ओळखीच्या सुबाभळीची आहे; युद्धानंतर उघडी पडलेली जमीन धुपू नये म्हणून अमेरिकनांनी मारियाना बेटांवर तिचे बी विमानातून पेरले होते.

एकेकाळी येथे सुमारे चाळीस हजार सैनिक राहत होते, आणि बेटाचा आकार न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसारखा भासल्याने त्यांनी रस्त्यांना ब्रॉडवे, आठवा अ‍ॅव्हेन्यू, ४२वा रस्ता, रिव्हरसाइड ड्राइव्ह अशी नावे देऊन टाकली. आमची गाडी ब्रॉडवेवरून सुसाट गेली. खिडकीतून पाटी वाचेपर्यंत ती मागे पडली. तंबू, नंतर अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या, उघड्यावरचा सिनेमा, अंड्याची भुकटी आणि डबाबंद मांस, जपानपर्यंत जाऊन येण्याच्या बारा-पंधरा तासांच्या उड्डाणांमधली झोप, हे सगळे याच रस्त्यांच्या कडेला घडले. मार्गदर्शकाजवळच्या जुन्या छायाचित्रांच्या वहीत पवनचक्कीवर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र होते : भंगारातली पाती, एक पिंप आणि त्यात वरखाली होणारा दांडा. संपूर्ण फेरीत सैनिकांच्या दिनक्रमाशी थेट भिडणारी हीच एक वस्तू होती, आणि तीही मी विचारल्यावर दाखवली गेली.

याहून गंभीर उणीव चुरो छावणीची आहे. जपानी, ओकिनावन आणि कोरियन मिळून सुमारे अकरा हजार नागरिक लढाईनंतर या छावणीत ठेवले गेले. तेथे शाळा चालली, भाजीपाला पिकवला गेला, आणि १९४६ मध्ये त्यांना मायदेशी धाडले गेले. सैनिकांच्या शहरालगत काटेरी तारांमागे हे दुसरे गाव वसले होते, हे ऐकल्याशिवाय जिंकलेल्या बेटाचे चित्र अर्धेच राहते. गुहांत लपून राहिलेल्या जपानी सैनिकांचाही उल्लेख झाला नाही, जरी त्यांतला शेवटचा १९५३ मध्ये हाती लागला.

ज्या पुळणीवर मरीन उतरले ती मात्र मार्गदर्शकाने नीट दाखवली, आणि तेवढ्यापुरते पैसे वसूल झाले. दोन पुळणींपैकी लहान पुळण पंचावन्न मीटरचीही नाही. जपान्यांनी तोफा दुसरीकडे, आजच्या सॅन होजे गावासमोरच्या रुंद किनाऱ्यावर रोखल्या होत्या, आणि गावासमोर खोटा हल्ला दाखवून त्यांना तिथेच गुंतवून ठेवण्यात आले. ही जागा पाहिल्यावर त्या डावपेचाचे धाडस चटकन उमगते.

जेवण सॅन होजे गावात होते. भात, तळलेले स्पॅम (डबाबंद मांस) आणि अंडे असा बेत. शाकाहारी प्रवाशाने सोबत काहीतरी बांधून न्यावे.

ज्यांना गाडी उजव्या बाजूने चालवण्याची सवय आहे, त्यांनी टिनियनवरच मोटार भाड्याने घेऊन, युद्धकाळातील रस्त्यांच्या नकाशाची प्रत हाती धरून स्वतः फिरावे. इतरांनी ही फेरी घ्यावी, पण ब्रॉडवेवर थांबण्याचे आधीच कबूल करून घ्यावे. अमेरिकी हवाई दलाने नॉर्थ फील्डवरील झाडी तोडून जुन्या धावपट्ट्या पुन्हा वापरात आणण्याचे काम २०२४ मध्ये हाती घेतले आहे, तेव्हा कोणता भाग खुला आहे याची चौकशी आरक्षणापूर्वी करावी.