टायगर मॉथच्या पंखावर सुती कापड की पॉलिएस्टर?

खान्देश कापसाचा मुलूख, म्हणून मन सुतीकडेच झुकणार. पण धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर मे महिन्यात टायगर मॉथसारखं कापडी पंखांचं जुनं विमान उघड्यावर उभं राहणार असेल, तर निवड पॉलिएस्टरचीच.

‘ए’ दर्जाच्या सुती कापडाला नवं असताना रुंदीच्या दर इंचाला 80 पौंड ताण सोसावा लागतो. 56च्या खाली गेलं की कापड बदलायचं. ते पाण्याने आणि डोप नावाच्या रोगणाने आवळतं. डोप वर्षानुवर्षं आवळतच राहतो, जास्त थर दिले तर नाजूक रिबा (पंखाच्या आतल्या फासळ्या) वाकतात. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून पहिल्या थरातच बुरशीनाशक घालायचं.

पॉलिएस्टर डोपने नाही, इस्त्रीने आवळतं: आधी 121, मग 149, शेवटी 177 अंश सेल्सिअस. इस्त्रीच्या चकतीवर भरवसा नको, पृष्ठभागावर तापमापक लावा. याहून जास्त तापलं तर धागा सैल पडतो, तो पुन्हा आवळत नाही. हे धागे डोप पीत नाहीत. पहिला नायट्रेट डोपचा थर पातळ करून, कापडाच्या मागच्या बाजूपर्यंत भिनेल असा ब्रशने द्यावा, नाहीतर पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात. आणि ॲल्युमिनियम पुडीचा रुपेरी थर दिला नाही, तर ऊन कापड खातं.

कापड रिबांना शिवायची पद्धत दोन्हीकडे सारखीच.

संग्रहालयात छपराखाली ठेवायचं असेल, तर मात्र सुतीच शोभतं.