रस्त्यात गेलेला बगीचा परत उभा करून देणाऱ्या नर्सरीबद्दल (५ पैकी ४ स्टार)

मूर्तिजापूरकडं आमचं गाव, रस्त्याला लागूनच बगीचा होता, शेगावला पायी जाणारे लोक तिथंच कडुनिंबाखाली टेकायचे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या चौपदरीकरणात त्याची पुढची पट्टी गेली, अन् उरलेल्या जागेत टिप्पर-रोलर उभे राहायला लागले. झाडं मागं नाल्याकडं हलवायची अन् नंतर बगीचा नीट करून द्यायचा, अशी दोन्ही कामं ग्रामपंचायतीनं एकाच नर्सरीवाल्याला दिली. कमिटीत मीही होतो.

माणूस पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलला ते मला लय आवडलं. "वड, पिंपळ, उंबर जगतीन भाऊ, कडुनिंबाचं फिफ्टी-फिफ्टी, पण मोह अन् बाभळीवर पैसे नका घालू, सोटमूळ खोल जाते त्याईचं, मी बिया जमा करून रोपं करून देतो." उन्हाळ्याआधीच एका बाजूनं चर खणून मुळं छाटली, माती भरली, काही आठवडे थांबून दुसरी बाजू, अन् पाऊस लागल्यावर मुळांचा गोळा बारदानात बांधून हायड्रा क्रेननं उचलला. पानं-फांद्या आधीच कमी केल्या होत्या, बायाबापड्यांना ते बोडखं झाड पाहून रडू आलं, पण पंधरा-वीस दिवसांत वडाला कोंब!

खरं काम मातीचं होतं. वरची काळी माती त्यानं सुरुवातीलाच ठेकेदाराला बाजूला ढीग करून ठेवायला लावली होती (त्यावर तरोटा माजला तरी कोणाला हात लावू दिला नाही), कारण रोलर फिरलेली जमीन फरशीसारखी होते, पाणी मुरतच नाही, खड्ड्यात दोन टोपले माती टाकून रोप लावलं की पावसाळ्यात त्याचं डबकं होतं अन् मूळ सडतं. यांनी मुरूम, गिट्टी, डांबराचे ढेकळं सगळे काढले, जेसीबीनं खोल उकरलं, मग ती काळी माती पसरली.

एक स्टार कापला तो टँकरचा. दर चौथ्या दिवशी पाणी ठरलं होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात पारा ४५ वर अन् टँकर दहा-दहा दिवस गायब, फोन लावला की उद्या येतो. पोरांनी ट्रॅक्टरवर ड्रम ठेवून पाणी घातलं तरी दोन कडुनिंब वाळलेच, माझ्या आजोबाच्या हातचे होते ते. जून २०२२ मध्ये लोणी ते माना, एका लेनच्या हिशोबानं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडलं, गिनीजमध्ये नोंद झाली, मी स्वतः पाहायला गेलो होतो, अभिमानच वाटला, पण त्याच रस्त्याच्या काठचं झाड तीन उन्हाळे पाणी मागतं अन् तिथं घाई चालत नाही.

अन् हो, प्लॅनमध्ये नुसते गुलमोहर-सप्तपर्णी होते, आम्ही म्हटल्यावर करंज, चिंच अन् मोह घेतले, वरचे पैसे नाही मागितले.

काम द्यायचं असंन तर हिवाळ्यातच बोलवा, अन् थोडे पैसे तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत हातात ठेवा, आम्ही ते नाही केलं.