मीटरवर ४१ हजार, नोंदीत १ लाख १८ हजार

वॅगन आर, स्विफ्ट या गाड्यांचा भाव लवकर पडत नाही, हे खान्देशात पोरासोरांनाही ठाऊक आहे. सुटे भाग पारोळ्या-चोपड्यातही मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात घालतो, विकायला काढली की गिऱ्हाईक घरी येतं. फसवणारे याच भावावर जगतात. जिची किंमत आधीच उतरलेली आहे अशा गाडीचं मीटर मागे करून फारसं सुटत नाही. वॅगन आरमध्ये चांगले पैसे सुटतात.

माझ्या मोठ्या भावाने कापसाच्या पैशातून जळगावला हायवेवरच्या एका व्यापाऱ्याकडून वॅगन आर घेतली. सुरतची, सिंगल ओनर, मीटरवर ४१ हजार. व्यापारी म्हणाला, ‘‘भाऊ, गाडी एकदम चांगली शे. आपल्याच माणसाची आहे.’’ सुरतच्या उधना-लिंबायतला ज्याचं कोणी नाही असं घर आमच्याकडे विरळाच, त्यामुळे हे वाक्य लगेच पटतं. ते त्याला पक्कं माहीत होतं, याचाच मला जास्त संताप येतो.

क्लच गेला म्हणून गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. नंबर टाकताच जुनी नोंद निघाली: १ लाख १८ हजार किलोमीटर. व्यापारी म्हणतो, मीटर सुरतेतच फिरवलं असेल.

टोकन देण्याआधी ही नोंद मागाच. विकणारा टाळाटाळ करू लागला तर उठा. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघा, ४० हजारांत ते गुळगुळीत होत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. गाडीपेक्षा टायर बरेच नवे असतील तर ती किती पळाली ते विचारा. गुजरात पासिंगची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी हातात घ्या. इथे महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. आम्हाला ‘‘टॅक्स भरलेला आहे’’ सांगितलं होतं, तो गुजरातचा निघाला.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावती, चॅट, जाहिरातीचा फोटो यातलं काही पुसू नका. मीटरचा आकडा दाखवणारा जाहिरातीचा फोटो भावाच्या मोबाइलमध्ये होता, आज आमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.